तालमीपुरती सुमती

इकडे ये गं मनू, अगदी जवळ. तू तिकडे बोरिवलीला आणि मी इथे लालबागला, हे ठाऊक आहे मला, पण तुला पुढ्यात बसवल्याशिवाय लिहायला हात उचलत नाही माझा. बस, पाय पोटाशी घे, आणि तो फोन पालथा ठेव. परवा तू बोललीस ते मला मुळीच आवडलं नाही. तुझं काम काढून दुसऱ्या मुलीला दिलं, वाईट झालं, मान्य. रडलीस तेही बरोबर. पण शेवटी हसत म्हणालीस ना, "आजी, प्रयोगात तिची चांगली फजिती होऊ दे, भर स्टेजवर ब्लँक होऊ दे, बस्स." आणि मग फोन कट झाला. तुला वाटलं नेटवर्क गेलं. नेटवर्क जागेवर होतं. मी ठेवला. मला पुढे ऐकवेना. असं नाही म्हणायचं, बाळा. का नाही ते सांगते. तुझ्या आईला सांगितलेलं नाही, तुझ्या आजोबांना तर नाहीच नाही.

मे महिना लागला की आमची चाळ अर्धी रिकामी व्हायची. ज्याला जमेल तो कोकणात पळायचा. ट्रंका, वळकट्या, पोरांच्या गळ्यात पाण्याच्या बाटल्या. मागे उरायचे ते रजा न मिळालेले, बाळंतिणी, म्हातारे आणि आम्ही. आम्ही उरायचो ते तात्यांच्या नाटकापायी. तात्या म्हणजे माझे वडील, गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर कामाला, पण त्यांना विचारलंस तर ते स्वतःला आधी दिग्दर्शक म्हणायचे आणि मग कामगार. चाळीच्या मंडळाची सत्यनारायणाची पूजा मे महिन्यात असायची आणि तिला जोडून तीन संध्याकाळी कार्यक्रम. पहिल्या संध्याकाळी दोन बुवांच्या भजनाची बारी, दुसऱ्या संध्याकाळी वाद्यवृंद, तिसऱ्या संध्याकाळी नाटक. शाळेची बाकडी आणि वखारीतल्या फळ्या जोडून पटांगणात स्टेज उभं राहायचं. दुपारी चारपासून बायका चटया टाकून जागा धरायच्या, चटईवर चपला, चपलेवर पाण्याचा तांब्या. वरच्या गॅलऱ्यांतून माणसं अशी ओथंबायची की आज आठवलं तरी काळजात धस्स होतं. एवढा आनंद मी पुढे कुठल्याच थिएटरात बघितला नाही. तुमच्या त्या एसीतल्या प्रयोगाला येते ना मी, माणसं कशी पार्सलं ठेवल्यासारखी बसलेली असतात.

आईला मात्र त्या नाटकाचा राग होता. तात्यांची सगळी रजा तालमीत जायची, त्यामुळे माहेरचा आंबा झाडावर बघून तिला वर्षं झाली होती. गावाकडचा मामा पेटी पाठवायचा, गवतातले आंबे कॉटखाली पिकायचे आणि सगळी खोली त्या वासाने भरून जायची. त्याच वासात आमच्याकडे नाटकाचं वाचन चालायचं. दहाबाय बाराची खोली, दहा-बारा पुरुष मांडीला मांडी लावून बसलेले, आणि मोरीजवळ आई मोठ्या पातेल्यात चहा उकळतेय. पडवळाच्या बिया भाजून त्यांची चटणी, सुकट घालून वांगं, उरलेल्या भाताचे वडे, काय काय करून घालायची ती त्यांना. पण नाटकात नायिका रडायला लागली की हिने स्टोव्हला पंप मारायला घेतलाच म्हणून समज. स्टोव्हच्या भर्रर्रमध्ये सगळे हुंदके बुडून जायचे. तात्या डोळे वटारायचे. ती म्हणायची, "काय झाला? च्याय नको काय तुमका?"

आता एक गोष्ट तुला समजावून सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्याकडे नाटकातली बाई बाहेरून यायची. चाळीतल्या पोरीबाळी स्टेजवर जात नसत. मग गिरगावातून, परळमधून एखादी नटी ठरवायची. हंगामात तिची एकाच वेळी तीन-तीन, चार-चार नाटकं चालू असत. ती बिचारी रोजच्या तालमीला कुठून येणार? ती यायची फक्त शेवटच्या दोन दिवसांत. तोपर्यंत दीड-दोन महिने तिच्या जागी कुणीतरी उभं राहावं लागायचं, नाहीतर नायकाने बोलायचं कुणाशी, भिंतीशी? आधी ते काम पांडूकाका करायचे. त्या मिशांकडे बघून नायकाला प्रेमाचं वाक्य म्हणवेना, सगळे पोट धरून हसायचे. मग तात्यांनी मला उभी केली. मी तेरा वर्षांची होते. तेव्हापासून चार उन्हाळे मी तालमीपुरती कुणाची बायको, कुणाची बहीण, एकदा तर कुणाची विधवा आई झाले. वाक्यं पाठ करायची, चालायचं, बसायचं, रडायचं. आणि नाटकाच्या दोन दिवस आधी खरी बाई आली की बाजूला व्हायचं.

मंडळातले सगळे गिरणीतले. ते मला 'बदली' म्हणायचे. गिरणीत बदली कामगार असायचे, ते रोज सकाळी गेटवर जाऊन उभे राहायचे, कुणी कायमचा माणूस आला नाही तर त्याच्या जागी यांना आत घ्यायचे. नाही घेतलं की डबा घेऊन परत घरी. कितीतरी जणांची जवानी त्या गेटवर गेली. पण त्यांना एक आशा असायची, की पुरेसे दिवस भरले की आपण कायम होऊ. मलाही होती. कुणी मला तसं सांगितलं नव्हतं, पण मी मनातल्या मनात दिवस भरत होते.

मी सतरा वर्षांची झाले त्या उन्हाळ्यातलं नाटक गिरणीतल्याच एका कारकुनाने लिहिलं होतं. नवरा दारुडा, सासू खाष्ट, आणि सगळं सोसणारी सुमती. तिसऱ्या अंकाच्या शेवटी सुमती घर सोडते. बोचकं उचलते, दाराशी येते, नवरा हाक मारतो, ती थांबते आणि म्हणते, "आजवर या घराची कडी मी आतून लावत आले, आज पहिल्यांदा बाहेरून लावते." मग बाहेर जाऊन कडी लावते आणि पडदा. पोरी, तेव्हा आम्हाला ते वाक्य केवढं मोठं वाटायचं! तालमीत ते म्हणताना माझ्या अंगावर काटा यायचा. एके दिवशी काय झालं, व्यायामशाळेत तालीम चालू होती, मी बोचकं उचललं आणि दाराशी येण्याआधी नकळत दोन्ही हात पदराला पुसले. म्हणजे परकराला. आई बाहेर जायला निघाली की असेच हात पुसायची, कोरडे असले तरी. ते कसं माझ्यात आलं मला ठाऊक नाही. पण तात्या खुर्चीतून उठले.

"परत कर."

मी परत केलं.

तात्यांनी हातातली वही मिटली. मग सगळ्यांकडे बघून म्हणाले, "यंदा सुमती सुलूच करील. बाहेरची बाई नको आपल्याला."

नायकाचं काम करणारा गजानन लगेच ओरडला, "घ्या! बदली पर्मनंट झाली! तात्या, पेढे काढा."

"पेढे कसले, तुझं दुसऱ्या अंकातलं पाठांतर दाखव आधी," तात्या म्हणाले, पण हसत होते. घरी येताना जिना कधी चढले ते कळलंच नाही. आईला सांगितलं. ती आंबे निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "बघूया." एवढंच. आईचं 'बघूया' मला तेव्हा वाचता येत नव्हतं.

पुढचे बारा-पंधरा दिवस मी माझ्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे घालवले, हे लिहून ठेवते. नळावर पाणी भरताना, जात्यासारखी घरघर करणारा स्टोव्ह पेटवताना, धाकट्यांना न्हाऊ घालताना मी सुमतीच असायची. शेजारच्या काकू म्हणायच्या, "सुलू, अगं भिंतीशी काय बोलतेस?" भोंगा वाजला, सकाळची पाळी सुटली, की मी गॅलरीत येऊन तात्यांची वाट बघायची. ते आले की डबा घ्यायचा आणि त्यांच्याबरोबर जिना चढता चढता एखादं वाक्य वेगळ्या प्रकारे म्हणून दाखवायचं. ते "हं" म्हणायचे. त्यांच्या 'हं'चेही मला पाच-सहा प्रकार ओळखू यायचे.

आणि मग घोडपदेवहून दिगूमामा आला. आईचा मुंबईतला भाऊ. त्याने माझ्यासाठी स्थळ आणलं होतं, मुलगा गोदीत कारकून, घरची दोन खोल्यांची जागा, माणसं मालवणकडचीच. मी चहा देऊन बाहेर गॅलरीत गेले, पण आमच्या खोलीतलं बोलणं गॅलरीत ऐकू येत नसेल तर चाळ कसली! मामा म्हणाला, "भावोजी, रागावू नका, पण नाटकात उभी राहिलेली पोर ती माणसं करून घेणार नाहीत. ते लोक बघायला येणार आहेत, नाटकाच्या निमित्तानेच येतो म्हणाले, पोरगी सहज नजरेखालून जाईल. आता ती नजरेखालून जायची आणि रंग फासून दारुड्याची बायको म्हणून, हे कसं दिसेल?" तात्या काय म्हणाले ते मला ऐकू आलं नाही. मला वाटलं, ते मामाला हाकलून देतील.

दोन दिवसांनी मी रॉकेलचा डबा घेऊन नाक्यावर गेले. नाक्यावर मंडळाचा बोर्ड रंगवला होता, मनोहर पेंटरने, पिवळ्यावर लाल अक्षरं. सत्यनारायणाची महापूजा, भजन, वाद्यवृंद, आणि खाली नाटक. 'प्रमुख भूमिकेत' च्या पुढे लिहिलं होतं, शालनबाई. अक्षरं ओली होती. मी बोर्डाजवळ गेले, बोटाने 'शा'चा काना पुसायला लागले, तर मनोहर पेंटर ओरडला, "ए सुलू, हात नको लावूस, तुझ्या तात्यांनीच चिठ्ठी दिलीय मला." मी लाल बोट घेऊन घरी आले. डबा नाक्यावरच राहिला.

रात्री जेवताना मी विचारलं. तात्या खाली बघून भात कालवत होते.

"तुझ्या भल्यासाठीच केलं."

मी म्हटलं, "तुम्ही दरवर्षी पडदा उघडायच्या आधी भाषण करता, तात्या. आमच्या माताभगिनींनी पुढे आलं पाहिजे, असं म्हणता. सगळे टाळ्या वाजवतात."

"ते भाषण असतं, सुलू."

मनू, मी पुढे आयुष्यात पुष्कळ खोटी माणसं बघितली. पण इतकं खरं कुणी बोललं नाही माझ्याशी. मग ते म्हणाले, "तू असं कर, प्रॉम्प्टिंगला बस. तुझ्याइतकं नाटक पाठ कुणाचं आहे? तुझ्याशिवाय उभं राहणार नाही ते." जणू काही मला बक्षीसच देत होते. मी रडायला लागले. आईने माझ्या ताटात सोड्याच्या आमटीचा आणखी एक डाव घातला आणि म्हणाली, "जेव गो. रडून भात थंड होता." तिला वाईट वाटलं होतं की सुटल्यासारखं झालं होतं, ते मला आजही सांगता येणार नाही. मला वाटतं, दोन्ही.

शालनबाई आल्या त्या रंगीत तालमीच्या दुपारी. मी त्यांचा राग करायची पूर्ण तयारी करून बसले होते. पस्तिशीच्या असतील. घाम पुसत आल्या, खांद्याला पिशवी, पिशवीत दोन साड्या, डबा आणि मुलाचं एक झबलं. "चुकून आलं वाटतं," म्हणून स्वतःशीच हसल्या. मूल शेजारणीकडे ठेवून आल्या होत्या. तोंड धुतलं, चहा घेतला आणि आधी माझ्याजवळ आल्या. "तू प्रॉम्प्टर ना? हे बघ बाय, तुला आधीच सांगते, माझी या आठवड्यात तीन नाटकं आहेत आणि तिन्हींत मी कुणाची तरी बायको. डोक्यात नुसती खिचडी. मला पहिले तीन शब्द दे, बाकीचं मी धरते. पण ते तीन शब्द वेळेवर हवेत हं. तू माझी देवी."

तिसऱ्या अंकाची तालीम आली तेव्हा तात्या म्हणाले, "शालनबाई, इथे ही पोर एक गोष्ट करते. सुलू, करून दाखव." मी उठले. बोचकं उचललं, हात पुसले, दाराशी आले. शालनबाई बघत होत्या. म्हणाल्या, "हे तुझं? अगं, छान आहे गं. मी घेऊ का?" विचारलं त्यांनी मला! आजवर मला कुणी काही विचारून घेतलं नव्हतं. मी "घ्या" म्हटलं. आणि मग त्यांनी ते केलं. हात पुसता पुसता मधेच थांबल्या, हातांकडे बघितलं, जणू एवढी वर्षं या हातांनी काय काय केलं ते आठवतंय, आणि पुन्हा पुसले. माझ्यापेक्षा चांगलं केलं त्यांनी. हे कबूल करायला मला म्हातारं व्हावं लागलं. त्या दिवशी मला एवढंच दिसलं, की माझं होतं नव्हतं तेही गेलं.

नाटक सातला सुरू झालं, कारण रातपाळीवाल्यांना अकराच्या आत गिरणीत पोचायचं असायचं. मी डाव्या विंगेत आंब्याच्या खोक्यावर बसले होते, मांडीवर वही, हातात बॅटरी. दुसऱ्या रांगेत घोडपदेवची माणसं बसली होती. मला आईने परकर-पोलकं सोडून साडी नेसवली होती, नाटकानंतर त्यांना सरबत द्यायला. पडदा उघडायच्या आधी शालनबाई आल्या, गजऱ्यातला तुकडा तोडून माझ्या वेणीत खोचला आणि म्हणाल्या, "आता मी तुझ्या हवाली." दोन अंक झाले. मी तीन-तीन शब्द देत होते, त्या झेलत होत्या, आणि बघणाऱ्याला वाटावं या बाईने हे नाटक जन्मभर केलंय. बायका डोळे पुसत होत्या. तिसऱ्या अंकात त्यांनी बोचकं उचललं. हात पुसले, थांबल्या, हातांकडे बघितलं, पुन्हा पुसले. वरच्या गॅलरीतून एका बाईचा हुंदका आला. तो हुंदका माझा होता, मनू, म्हणजे माझ्यासाठी यायला हवा होता, असं तेव्हा मला वाटलं. गजाननने हाक मारली, "सुमती!" शालनबाई दाराशी थांबल्या आणि त्यांनी मान जराशी डावीकडे कलती केली. माझ्याकडे. तीन शब्दांसाठी.

मी दिले नाहीत.

वही समोर उघडी होती, वहीची गरजही नव्हती. आजवर या घराची. एवढंच म्हणायचं होतं. मी तोंड उघडलं, आणि मिटलं. बस्स. ठरवून नाही केलं, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आले. पण तोंड मिटायलाही माणूस ठरवतोच की.

शालनबाईंनी पुन्हा हात पुसले. मान आणखी कलती केली. मी बॅटरी विझवली. त्यांनी तिसऱ्यांदा हात पुसले तेव्हा कुणीतरी हसलं. मग दुसऱ्या रांगेतून एक शिट्टी आली, लांबलचक, दोन बोटं तोंडात घालून मारलेली. ती आली मात्र, सगळं पटांगण हसत सुटलं. "पुसा पुसा, बाई, भांडी राहिलीत!" "साबण द्या रे बाईंना!" गजानन गोंधळला आणि म्हणाला, "बोल सुमती, बोल ना," त्याने तर हशा दुप्पट झाला. शालनबाई न बोलता दाराबाहेर गेल्या. कडी लावायचं त्यांच्या लक्षातही राहिलं नाही. पडदा पाडला.

त्या सरळ माझ्याकडे आल्या. रंग घामाने ओघळला होता. रागावल्या नव्हत्या, घाबरल्या होत्या. हळू आवाजात विचारलं, "दिलंस का गं? मला ऐकूच आलं नाही."

मी म्हटलं, "दिलं. दोनदा दिलं."

त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं आणि मान हलवली. विश्वास ठेवला त्यांनी माझ्यावर. मग साडी बदलून, पिशवी उचलून, कुणाशी न बोलता निघाल्या. आई त्यांच्या मागे धावली, पानात बांधलेले वडे त्यांच्या पिशवीत कोंबले. माझी आई, जिला नाटकाचा राग होता, ती एकटीच गेली त्यांच्यामागे. तात्या कमिटीच्या लोकांना सांगत होते, "बाईंचं आता पाठांतर होत नाही." हे वाक्य लालबागमधून परळला, परळमधून दादरला किती दिवसांत पोचलं ते मला ठाऊक नाही, पण पोचलं. तात्या ते मरेपर्यंत सांगत राहिले. त्यांना माझा संशय आला होता का? ते समोरच्या विंगेत उभे असायचे, तिथून प्रॉम्प्टरचा आवाज त्यांना नेहमी ऐकू यायचा. पण त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. पुढच्या वर्षी माझं लग्न झालं होतं, त्यानंतर संप आला, गिरण्या गेल्या, आणि पटांगणात पुन्हा नाटक उभं राहिलं नाही. ज्या स्टेजसाठी मी हे केलं त्यावर मी एकदाही उभी राहिले नाही.

लग्न त्याच घोडपदेवच्या मुलाशी झालं. तुझे आजोबा. लग्नानंतर पहिल्याच उन्हाळ्यात ते मला हसत हसत म्हणाले, "तुमच्याकडचं नाटक काय पडलं होतं! आठवतं? पहिली शिट्टी मी मारली होती." मी त्यांच्या ताटात भात वाढत होते. वाढला. ते जाईपर्यंत चाळीस-बेचाळीस वर्षं वाढला. माणूस वाईट नव्हता, तुला खूप जीव लावला त्यांनी. पण ती शिट्टी मी कधी विसरले नाही, आणि त्यांना दोषही देऊ शकले नाही. दोष द्यायला मी कोण?

आता या मे महिन्यातलं ऐक. गिरगावात एका हॉलमध्ये ज्येष्ठ नागरिकांसाठी जुन्या गाण्यांचा कार्यक्रम होता, दुपारी चारचा. आमच्या संघातल्या बायका टॅक्सी करून निघाल्या, मी गेले. वादक कुणी नाहीत, सगळं त्या मशीनमधून वाजतं आणि माणूस पुढे उभा राहून गातो. सुरुवातीला निवेदिकेने पहिल्या रांगेतल्या एका बाईंना गुलाब दिला. म्हणाली, "या आपल्या शालनताई, एकेकाळी कामगार रंगभूमी गाजवली यांनी." ऐंशीच्या घरातली बाई, काठी, कानात यंत्र. मध्यंतरात माझ्या बाजूची खुर्ची रिकामी होती, आणि त्या पंख्याखाली बसायला म्हणून नेमक्या तिथेच येऊन बसल्या.

"कुठल्या तुम्ही?"

"लालबागची."

"अगं बाई! लालबागला मी किती नाटकं केली. शेवटचंसुद्धा तिथलंच."

मी काही विचारलं नाही. त्याच सांगत राहिल्या, एकट्या राहणाऱ्या माणसाला सांगायला लागतं तसं. "एका पूजेचं नाटक होतं. शेवटचं वाक्य आणि मला काही म्हणजे काही ऐकू आलं नाही. प्रॉम्प्टिंगला एक पोर होती, हुशार, गोड. तिने दोनदा दिलं वाक्य. म्हटलं, कान गेले. डॉक्टरला दाखवले, तो म्हणाला कान उत्तम आहेत. मग म्हटलं, डोकं गेलं. तेव्हापासून जी भीती बसली! पुन्हा स्टेजवर जायची हिंमतच झाली नाही. दोन मंडळं बोलवत होती तरी, मीच नाही म्हटलं. मग मसाले कुटले, पापड लाटले, मुलाला वाढवलं. चालायचंच." थोडं थांबून म्हणाल्या, "त्या पोरीला मात्र लागलं असेल हो. तिला वाटलं असेल, माझ्यामुळे झालं. तिला सांगायला हवं होतं मी, की बाय, तुझी चूक नव्हती."

मी म्हटलं, "हो का."

एवढंच, मनू. त्या बाईने जन्मभर स्वतःच्या डोक्याला दोष दिला, आणि मी तिच्या शेजारी बसून "हो का" म्हटलं. गाणं सुरू झालं. टाळ्या वाजल्या. जाताना त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, "या ना एकदा. इथे मागेच, खोताच्या वाडीच्या तोंडाशी. तिसरा मजला, लाकडी जिना आहे, जपून यावं लागतं. बोंबलांचं कालवण करीन." मी येते म्हटलं. चार महिने झाले.

फोनवर त्यांना नीट ऐकू येत नाही, विचारलंय मी संघातल्या बायकांना. चिठ्ठी पाठवावी म्हणून दोनदा लिहिली, दोनदा फाडली. हे तोंडानेच सांगायला हवं. आणि मला तो जिना एकटीला चढवत नाही. गुडघ्यांमुळे म्हणते मी सगळ्यांना, तुला खरं सांगते, गुडघ्यांमुळे नाही. म्हणून तू ये. रविवारी तुझी तालीम असली तर शनिवारी ये, टॅक्सी मी करीन. वरपर्यंत मला धरून ने. आत गेल्यावर बोलायचं मी, तू मधे पडू नकोस. पण मी पुन्हा "हो का" म्हणून गप्प बसले, कालवणाची चौकशी करायला लागले, तर चांगलं कोपराने ढोस मला. त्या ऐंशीच्या पुढे आहेत, मनू, आणि मीही काही तरुण नाही. फोन करू नकोस, येते-येते म्हणू नकोस. ये. लवकर ये.